एआरपी स्पूफिंग अडवणारा सेकंड-हँड स्विच: गावातल्या लॅबसाठी घ्यावा का?

एआरपी स्पूफिंग म्हणजे नेटवर्कवरच्या कुणीतरी ‘मीच राउटर’ असं खोटं सांगून इतरांचा डेटा स्वतःकडे वळवणं. डीएचसीपी स्नूपिंग (कुणाला कुठला आयपी मिळाला, याची स्विचने ठेवलेली नोंद) आणि डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन (त्या नोंदीशी न जुळणारी एआरपी उत्तरं अडवणं) दोन्ही असतील तरच जुना ८ पोर्टचा मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच घ्या. १९८२चा एआरपी (आयपीवरून उपकरणाचा मॅक, म्हणजे हार्डवेअरचा पत्ता, शोधायची पद्धत) उत्तर देणाऱ्याची ओळख तपासतच नाही. ते काम स्विचने करायचं.

आधी स्नूपिंग, राउटरचा पोर्ट ट्रस्टेड (विश्वासाचा), सगळ्यांना नव्याने आयपी, मग इन्स्पेक्शन. ट्रस्टेड करायचं राहिलं की कुणालाच आयपी मिळत नाही. फिक्स आयपीच्या प्रिंटरची नोंद हाताने करावी लागते. स्वतःच्याच लॅपटॉपवर बेटरकॅप (असा हल्ला करून पाहायचं सॉफ्टवेअर) चालवून पाहा: संरक्षण बंद असताना दुसऱ्या लॅपटॉपच्या एआरपी टेबलात राउटर आणि हल्लेखोर, दोघांचा मॅक एकच दिसतो. चालू केल्यावर जुनी नोंद पुसूनच पुन्हा बघा. एआरपी स्पूफिंगवर टेकलेलं डीएनएस स्पूफिंगही (साइटच्या नावाला खोटा आयपी सांगणं) मग गळतं. (मोबाइलचं प्रायव्हेट डीएनएस, म्हणजे साइटची नावं एन्क्रिप्ट करून विचारणं, चालू असेल तर डीएनएसची ही चाचणी आधीच फसते.)

खरी कटकट वीज गेली की. स्विच रिस्टार्ट होतो, बाइंडिंग टेबल (स्नूपिंगने जमवलेल्या नोंदी) कोरं होतं. इन्व्हर्टरवरच्या ॲक्सेस पॉइंटमागच्या लॅपटॉपला मात्र हे कळतच नाही. तो नवा आयपी मागत नाही, स्विच त्याला अडवतो. टेबल फ्लॅशमध्ये साठवता येतं का, ते दुकानातच पाहा. नाहीतर स्विचही इन्व्हर्टरवर घ्या.

राउटरच्याच वायफायवरच्या दोन मोबाइलमधलं स्पूफिंग मात्र या स्विचला दिसतच नाही. तिथे राउटरमधलं क्लायंट आयसोलेशन (वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांशी बोलू न देणं) लागतं.