सेवाभिमुख रचना: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

परवाने देणे, शुल्क घेणे आणि तपासणीच्या नोंदी ठेवणे ही कामे करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कार्यालयाच्या माहिती प्रणालींची जबाबदारी माझ्याकडे आहे. चौदा महिन्यांपूर्वी आम्ही आमच्या सात जुन्या प्रणाली सेवाभिमुख रचनेत, म्हणजे सर्वत्र ‘एसओए’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने, एकमेकींशी जोडायला घेतल्या. या पद्धतीत प्रत्येक प्रणाली आपली ठरावीक कामे ‘सेवा’ म्हणून देऊ करते आणि बाकीच्या प्रणाली ती तिच्याकडून विनंती पाठवून करून घेतात. पहिल्या महिन्यात लिहिला असता तर हा अनुभव फार गोड झाला असता आणि चौथ्या महिन्यात लिहिला असता तर तो तक्रारअर्ज झाला असता, म्हणून मुद्दाम थांबलो.

आधीची स्थिती अनेकांच्या ओळखीची असेल. सात प्रणालींमध्ये जास्तीत जास्त एकवीस जोड्या होऊ शकतात. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जोड्यांमध्ये रात्री फाइल पाठवणारा किंवा थेट दुसऱ्याच्या डेटाबेसमध्ये डोकावणारा एखादा संगणक-कार्यक्रम (प्रोग्रॅम) चालत असे, आणि त्यांतले काही कोणी लिहिले हेसुद्धा कोणाला आठवत नव्हते. अर्जदाराने पत्ता बदलल्याचे कळवले की तो चार ठिकाणी बदलावा लागे, आणि तीन ठिकाणी बदलून चौथे राहून जाणे हे नेहमीचेच होते. आता पत्त्याची मूळ नोंद एकाच प्रणालीकडे आहे आणि बाकीच्या ती तिच्याकडून सेवेमार्फत मागून घेतात. एवढ्या एका बदलाने टपाल परत येण्याचे प्रमाण डोळ्यांना दिसेल इतके घटले. दुसरा काहीच फायदा झाला नसता तरी मी हा खर्च योग्य ठरवला असता.

ही कल्पना नवी नाही. ‘एसओए’ ही संज्ञा गार्टनर या सल्लागार संस्थेच्या विश्लेषकांनी १९९६मध्ये मांडली, १९९८मध्ये एक्सएमएल ही माहिती लिहिण्याची पद्धत आणि २००० साली सोप १.१ हे संदेश पाठवण्याचे नियम आल्यावर तिला सर्वांना वापरता येईल अशी भाषा मिळाली, आणि जानेवारी २००९मध्ये विश्लेषक अ‍ॅन थॉमस मेन्स यांनी ‘एसओए’ संपल्याचे जाहीर करून सेवा मात्र टिकतील असे म्हटले. आमच्यासारख्या उशिरा येणाऱ्यांना त्या वादाचा फायदाच झाला, कारण कोणते साहित्य विकत घ्यायचे नाही हे आयते कळले.

तरीही पहिली चूक आम्ही केलीच. सेवा कुठे कापायची हे ठरवताना आम्ही डेटाबेसमधल्या तक्त्यांकडे पाहिले आणि प्रत्येक तक्त्यासाठी एक सेवा काढली. परिणामी परवान्याचे एक पान उघडण्यासाठी सेवांना पंचवीस-तीस हाका, म्हणजे विनंत्या, जाऊ लागल्या आणि ते पान जुन्या प्रणालीपेक्षाही सावकाश उघडू लागले. पुढे ‘नूतनीकरण करा’, ‘शुल्क आकारा’, ‘तपासणीची वेळ द्या’ अशी कामाच्या भाषेतली मोजकी मोठी कामे सेवा म्हणून ठरवली, तेव्हा गाडी रुळावर आली. ही नावे सुचवली ती खिडकीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्यांनी, प्रोग्रॅमरनी नव्हे.

सर्वाधिक वेळ खाल्ला तो अर्थांनी. ‘अर्जाची तारीख’ हा साधा शब्द घ्या. एका प्रणालीत ती अर्ज भरल्याची तारीख होती, दुसरीत शुल्क जमा झाल्याची आणि तिसरीत अर्ज छाननीसाठी स्वीकारल्याची. डब्ल्यूएसडीएल या सेवेचे वर्णन करणाऱ्या भाषेत लिहिलेला करार तिथे तारीखच येईल याची हमी देतो, पण ती कोणती तारीख हे सांगत नाही. मुदतीत निर्णय झाला की नाही हे याच तारखेवर ठरत असल्यामुळे वाद केवळ शब्दांचा नव्हता. तीन विभागांचे प्रमुख समोरासमोर बसवून एकाऐवजी तीन वेगळी नावे ठरवायला दोन महिने लागले. विक्रेत्याच्या वेळापत्रकात या कामासाठी एक ओळसुद्धा नव्हती.

चौथ्या महिन्यातला प्रसंग मात्र आमच्याच अज्ञानाचा होता. शुल्काची सेवा एका दुपारी मंदावली. बोलावणाऱ्या प्रणालीने तीस सेकंद वाट पाहिली, उत्तर न आल्यामुळे विनंती फसली असे मानले आणि ती पुन्हा पाठवली. पहिली विनंती फसलेली नव्हती, फक्त तिचे उत्तर उशिरा येत होते, आणि त्यामुळे काही अर्जदारांकडून शुल्क दोनदा घेतले गेले. पैसे परत करायला आठवडा गेला. आता प्रत्येक विनंतीला तिचा स्वतःचा क्रमांक असतो, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सेवा नवे काम न करता आधीचेच उत्तर परत देते. उत्तर न येणे आणि काम न होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकाच डेटाबेसवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही. तिथे व्यवहार एक तर पूर्ण होतो नाही तर पुसला जातो. इथे झालेले काम उलटवणारे दुसरे काम स्वतः लिहून ठेवावे लागते.

उपलब्धतेचा हिशोबही सुरुवातीलाच करायला हवा होता. एकामागून एक बोलावल्या जाणाऱ्या पाच सेवा प्रत्येकी ९९ टक्के वेळ चालू असतील आणि त्यांचे बंद पडणे एकमेकांवर अवलंबून नसेल, तर पूर्ण साखळी सुमारे ९५ टक्केच वेळ चालू राहते. म्हणजे वर्षातले जवळपास अठरा दिवस ती बंद. त्यामुळे ज्या कामांना तत्काळ उत्तराची गरज नव्हती, उदाहरणार्थ तपासणीची सूचना पाठवणे, ती आम्ही रांगेत टाकली, म्हणजे समोरची सेवा बंद असली तरी विनंती थांबून राहते आणि नंतर पुरी होते.

मध्यवर्ती बस, म्हणजे सगळ्या सेवांचे संदेश जिच्यातून जातात ती सामाईक वाहिनी, हिच्याविषयी माझे मत फारसे चांगले राहिलेले नाही. संदेश पोहोचवणे एवढेच तिचे काम, पण बदल करायला ती सोयीची जागा असल्यामुळे सवलतीचे नियमसुद्धा तिथे शिरले, आणि सहा महिन्यांत जुना गुंता नव्या जागी तयार झाला. ते नियम आम्ही एकेक करून शुल्काच्या सेवेत परत नेले.

सरकारी यंत्रणांसाठी एस्टोनियाची एक्स-रोड व्यवस्था मला अधिक शिकवण्यासारखी वाटते. २००१पासून चालणाऱ्या त्या व्यवस्थेत सगळी माहिती एका मोठ्या कोठारात ओतलेली नाही. प्रत्येक संस्थेची माहिती तिच्याकडेच राहते, देवाणघेवाण संस्थांच्या आपापल्या सुरक्षा सर्व्हरमधून होते, आणि प्रत्येक संदेशावर सही व त्याची नोंद असते. कोणी काय मागितले याचा पुरावा राहिला तरच एक विभाग दुसऱ्याला दार उघडतो. व्यवसायात हा प्रश्न वरिष्ठांच्या एका आदेशाने सुटू शकतो, पण शासनात विभागांचे अधिकार कायद्याने ठरलेले असल्यामुळे तो तसा सुटत नाही.

आमच्याकडे सेवांची नोंदवही म्हणजे एक साधे पान आहे, आणि त्यातला सर्वांत उपयोगी रकाना मालकाचा: रात्री सेवा बंद पडली तर फोन कोणाला करायचा. पत्त्याच्या सेवेची पहिली आवृत्ती मागच्याच तिमाहीत बंद करायची होती. पण तिला अजून एक जुना कार्यक्रम रोज पहाटे हाक मारतो, त्याच्या नावापुढचा मालकाचा रकाना रिकामा आहे, आणि तो भरला जाईपर्यंत दोन्ही आवृत्त्या चालू ठेवण्यावाचून आमच्यापुढे दुसरा मार्ग नाही.