अ‍ॅबाचं 'ले ऑल युअर लव्ह ऑन मी': नाचायला अव्वल, लांबीला कंजूष

जुलै १९८१ मध्ये ब्रिटनच्या दुकानांत अ‍ॅबा या स्वीडिश पॉपगटाचं हे सिंगल, म्हणजे सुटं विकलं जाणारं गाणं, आलं ते फक्त बारा इंची तबकडीवर. नेहमीची स्वस्त सात इंची तबकडी तिथे निघालीच नाही. गाणं काही ताजं नव्हतं. नोव्हेंबर १९८० च्या 'सुपर ट्रूपर' अल्बमवर, दुसऱ्या बाजूला चौथ्या क्रमांकावर ते आधीच होतं. तरीही महागडी मोठी तबकडी विकत घ्यायला लोक आले आणि गाणं ब्रिटिश खपाच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत चढलं.

या सातव्या क्रमांकाकडे दोन नजरांनी बघता येतं. आधीचं सिंगल 'सुपर ट्रूपर' तिथे पहिलं आलं होतं, त्या मानाने ही घसरण वाटते. पण अल्बम घरोघरी पोचून आठ महिने झालेत, सात इंची आवृत्ती नाही, हे लक्षात घेतलं तर सातवा क्रमांक म्हणजे चांगलीच मजल. १९७५ च्या 'एसओएस'पासून ब्रिटनमध्ये पहिल्या दहात सलग १८ सिंगल्स आणायची अ‍ॅबाची जी मालिका आहे, त्यात हे सतरावं. अमेरिकेत नाचगाण्यांच्या बिलबोर्ड यादीवर १९८१ मध्ये ते पहिलं आलं, पण एकट्याने नव्हे. 'सुपर ट्रूपर' आणि 'ऑन अँड ऑन अँड ऑन' यांच्यासह एकत्र नोंद होती. त्या यादीत तेव्हा एकाच अल्बममधली गाणी अशी एका ओळीत मोजली जात.

आता गाण्याकडे. डिस्कोसाठी अ‍ॅबाने १९७९ मध्ये थेट मायामी गाठून 'व्हुले-व्हू' या गाण्याचा पाया तिथल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला होता. त्यात ठेका चोख आहे, पण पाहुण्याच्या घरी वावरल्यासारखा थोडा संकोच जाणवतो. इथे मात्र मंडळी स्टॉकहोममधल्या आपल्या पोलर स्टुडिओतच बसली आणि नाचाचं गाणं कुठल्याही क्लबची नक्कल न करता जमवलं. ठेका सरळ चार मात्रांचा, वेग मिनिटाला १३० ठोक्यांच्या आसपास, खाली सिंथेसायझरचा धडधडता बेस. एवढं तर त्या काळी कोणीही करत होतं. फरक आहे तो वरच्या आवाजांत.

अंतऱ्यात गटातली गायिका अग्नेथा फॅल्टस्कोग मत्सराची कबुली देते. आधी आपण असे नव्हतो, आता दिसेल त्या बाईची भीती वाटते, असा एकंदर सूर. नाचाच्या गाण्यात इतकी असुरक्षित नायिका विरळाच. अंतरा संपतो तिथे तिचा शेवटचा स्वर पायाखालची जमीन सरकावी तसा घसरत खाली जातो. ही घसरण गळ्यातली नाही. ध्वनिमुद्रक मायकल ट्रेटो यांनी आवाज हार्मोनायझर नावाच्या यंत्रातून नेला. यंत्र तो मूळ स्वरापेक्षा किंचित उतरवून बाहेर देतं, मग तोच उतरलेला आवाज पुन्हा यंत्रात शिरतो आणि आणखी उतरतो. प्रत्येक फेरीला थोडं थोडं खाली. त्यामुळे मींडेसारखा सलग उतार न मिळता पायरी-पायरीने कोसळणारा, जरा भीतिदायक आवाज मिळतो.

मग येतं ध्रुवपद, आणि इथे डिस्कोत चर्च शिरतं. चाल प्रार्थनागीतासारखी वाटते हे गटातले गीत-संगीतकार बेनी अँडरसन आणि ब्यॉर्न उल्व्हेउस यांना जाणवलं होतं. ते लपवण्याऐवजी त्यांनी वाढवलं. काही आवाज व्होकोडर या आवाज बदलणाऱ्या यंत्रातून काढून किंचित बेसूर केले, कारण चर्चमधला जमाव कधी शुद्ध सुरात गात नाही. हा बारकावा हेडफोनवर नीट ऐकावा. एकाच डब्यातून वाजणाऱ्या छोट्या स्पीकरवर आवाजांचा पसारा आक्रसतो आणि फक्त गलका उरतो. फोनच्या स्पीकरवर तर बेसही जातो, म्हणजे नाचायचं कारणच जातं.

तक्रार एकच, पण मोठी. बारा इंची तबकडी घेणाऱ्याची अपेक्षा असते लांब आवृत्तीची: सुरुवातीला नुसता ठेका, मध्ये गाणं थांबवून तालवाद्यांचा तुकडा, शेवटी पुन्हा नुसता ठेका. डीजेला दोन गाणी जोडायला हीच जागा लागते. इथे तसलं काही नाही. अल्बमवरचंच साडेचार मिनिटांचं गाणं उचलून मोठ्या तबकडीवर ठेवलंय. सुरुवातीला जोडायला वेळ अपुरा मिळतो, आणि शेवट हळूहळू विरत जातो, त्यामुळे पुढचं गाणं उशिरा आत घेतलं तर ठेका हातातून निसटतो. शेवटच्या ध्रुवपदाच्या सुरुवातीलाच पुढचं गाणं चढवायला लागावं.

मग ही तबकडी घ्यायची कशासाठी? आवाजासाठी. मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या अल्बमवर सुई कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने धावते, लेबलाजवळ जेमतेम २१ ने. आत जाताना तेवढ्याच जागेत जास्त लहरी कोंबाव्या लागतात, म्हणून 'स' आणि झांजा चरचरतात. अल्बमवर हे गाणं नेमकं त्याच आतल्या पट्ट्यात येतं, आणि थरावर थर चढवलेल्या ध्रुवपदाला ते सर्वांत जास्त भोवतं. बारा इंचीवर ते बाहेरच्या कडेपासून सुरू होतं, एका बाजूला एकच गाणं असल्याने खाचा ऐसपैस कापता येतात, बेस भरदार उतरतो. जुनी प्रत घेताना आधी ध्रुवपद ऐकून बघा. घासलेल्या सुईने वाजवलेली असेल तर चरचर तिथेच सापडेल.

नाचणाऱ्यांची चूक ठरलेली असते. स्वर घसरतो तेव्हा लोक थांबतात किंवा घाईने उडी मारतात. चार मात्रा मनात मोजत राहावं, त्या घसरणीबरोबर अंग खाली न्यावं आणि ध्रुवपदाच्या पहिल्या मात्रेवर उठावं. ध्रुवपदात दर मात्रेला पाऊल टाकलं तर दम लागतो. दोन मात्रांना एक पाऊल आणि वर हात, एवढं पुरतं. अ‍ॅबाच्या गाण्यांवर रचलेल्या 'मामा मिया!' या संगीत नाटकात याच गाण्यावर पोहण्याचे फ्लिपर घालून पोरं नाचतात. तिथे गुडघा उंच उचलावाच लागतो, नाहीतर टोक अडकून माणूस तोंडावर पडेल. २००८ च्या चित्रपटातही ते फ्लिपर आहेत. विनोद छान जमतो, मत्सर मात्र पार धुऊन निघतो.

१९९२ मध्ये अँडी बेल आणि व्हिन्स क्लार्क यांच्या इरेजर या जोडीने 'अ‍ॅबा-एस्क' या संचात हे गाणं घेतलं आणि तो संच ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिला राहिला. अँडी बेलचा आवाज भरदार आहे, व्हिन्स क्लार्कचे सिंथेसायझर टोकदार. नाचायला उत्तम, पण मूळ गाण्यातला तो बेसूर जमाव त्यात नाही.

घरात वाजवायला 'अ‍ॅबा गोल्ड' या निवडक गाण्यांच्या संग्रहातली प्रत पुरेशी आहे. अल्बमच लावणार असाल तर गाणं विरताच सुई उचला: पुढचं आणि शेवटचं गाणं १९७९ च्या वेम्ब्ली मैफिलीतलं संथ थेट ध्वनिमुद्रण आहे, आणि त्यावर नाचणारी माणसं खुर्च्या शोधायला लागतात.