एका शब्दाचा अर्थ लावताना: आधी कोश की आधी संहिता?

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें’ ही ओळ घ्या. ‘कौतुक’ म्हणजे आजच्यासारखी शाबासकी असं धरलं, तर ओळ तिथेच घसरते. मग आधी कोश उघडायचा, की संहितेत, म्हणजे मूळ ग्रंथाच्या मजकुरात, तो शब्द आलेल्या सगळ्या जागा गोळा करायच्या?

वेळेत कोश सरळ जिंकतो. अर्ध्या तासात नवल, कुतूहल, लीला असे अर्थ समोर येतात. संहितेत नऊ हजार ओव्या आहेत. शोधता येणारी प्रत असली तरी ‘कौतुक’ एवढंच शोधून भागत नाही, ‘कवतिक’सारखी रूपं निसटतात.

भरवशाचं गणित मात्र उलटं आहे. कोश अर्थांची यादी देतो, या ओळीतला अर्थ नाही. शिवाय मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, ग्रंथ १२९०चा. मधली साडेपाच शतकं शब्द वापरात बदलत होता. सर्वात जास्त चूक इथेच होते: सापडलेले सगळे अर्थ एकाच जागी कोंबले जातात. प्रत्येक जागेची आधीची आणि नंतरची ओवी वाचली, शब्दासोबत कोणती क्रियापदं येतात ते टिपलं, की नको ते अर्थ आपोआप गळतात. ही मेहनत खरोखर फळते.

शब्द एकदाच आला असेल तर संहिता मुकी राहते. तिथे कोश आणि पाठभेद, म्हणजे वेगवेगळ्या हस्तलिखितांतले शब्दांचे फरक, एवढंच हाताशी. वर्गातल्या टिपणासाठी कोश पुरे. शोधनिबंधासाठी आधी जागा, मग कोश.