पॉलिकॉम साउंडस्टेशन आयपी ६०००: आवाज चोख, लॉगची पट्टी उलटी

साउंडस्टेशन आयपी ६००० चं उत्पादन केव्हाच थांबलं, तरी मीटिंग रूमच्या टेबलावर हा तिकोनी कॉन्फरन्स फोन अजून दिसतो. आवाजाबद्दल तक्रार नाही. बारा फुटांवरचं बोलणंही नीट उचलतो. घोळ आहे तो लॉगमधले, म्हणजे फोनने ठेवलेल्या नोंदींमधले, एरर वाचताना.

सिसलॉग ही अशा नोंदी सर्व्हरकडे पाठवण्याची प्रमाणित पद्धत; तिच्या गांभीर्याच्या पट्टीत ० म्हणजे आणीबाणी आणि ७ म्हणजे डीबग (तपासासाठीचा बारीक तपशील). या फोनच्या स्वतःच्या लॉगमध्ये पट्टी उलटी आहे: ० डीबग, ४ किरकोळ चूक, ५ गंभीर, ६ म्हणजे फोन बसलाच. नोंद सिसलॉग सर्व्हरकडे जाताना आकडा बदलतो. ० आणि १ चे ७ होतात, २ आणि ३ चे ६, ४ चा ३, ५ चा २, ६ चा ०. सिसलॉगची १, ४ आणि ५ ही पातळी इथून येतच नाही, त्यामुळे ‘वॉर्निंग आली की मेल पाठव’ असा सिसलॉगच्या नुसत्या ४ वर लावलेला नियम कधीच वाजणार नाही. फिल्टर ३ आणि त्याखालच्या आकड्यांवर लावा. फॅसिलिटी (नोंद कुठल्या प्रकारच्या स्रोताची ते सांगणारा सिसलॉगचा आकडा) १६ असेल तर फोनच्या ४ पातळीची नोंद <१३१> ने सुरू होते (१६ × ८ + ३).

फोनच्या फाइलमधली ओळ साधारण अशी:

०९१४१०२२३५|सिप|४|००|रजिस्ट्रेशन फेल्ड, एरर कोड: ४०३ फॉरबिडन

म्हणजे १४ सप्टेंबर, १० वाजून २२ मिनिटं ३५ सेकंद. मग विभाग (इथे सिप, म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडणारा प्रोटोकॉल), पातळी, सुटलेल्या नोंदींची एकूण संख्या आणि मजकूर. ४ म्हणजे ‘किरकोळ, आपोआप सावरेल’ असं मॅन्युअल म्हणतं. पण रजिस्ट्रेशनच (सर्व्हरवर फोनची नोंदणी) नसेल तर कॉल कसला लागतोय! म्हणून पातळीआधी विभाग आणि कोड बघा. पहिला ४०१ नेहमीचाच, सर्व्हर पासवर्ड मागतो. तोच पुन्हापुन्हा आला तर पासवर्ड चुकलाय. ४०३ म्हणजे सर्व्हरला विनंती समजली, तरी त्याने ती नाकारली. ४०८ ला उत्तरच आलेलं नसतं: फायरवॉल, डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी सेवा) किंवा व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) तपासा. रजिस्ट्रेशन ठीक, पण कॉल ४८८ देऊन तुटतोय? बहुधा दोन्हीकडचे कोडेक (आवाज डेटात बदलण्याच्या पद्धती) जुळत नाहीत.

सिप विभागाची पातळी मुळात ४ असते, तपासासाठी ती १ करा. ० हवी असेल तर ‘रेंडर लेव्हल’ही ० करावी लागते, कारण ती मुळात १ असते आणि त्याखालचं काही लिहीत नाही. नुसती पहिली बदलून ‘काहीच दिसत नाही’ म्हणणारे पुष्कळ.

सिसलॉग मेनूत मॅक ॲड्रेस (प्रत्येक फोनचा स्वतंत्र हार्डवेअर क्रमांक) जोडण्याचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर चार खोल्यांतले फोन एकसारखे दिसतात. काम झालं की पातळी परत ४. ती ० वर असताना चौथ्या रकान्यातला आकडा वाढत असेल, तर फोनवर ताण आलाय आणि हव्या त्या ओळीही गळत असतील.