बंद ठेवलेली पद्मिनी आणि डिह्युमिडिफायर : साडेचार महिन्यांच्या वापरानंतर

थंड देशांत रस्त्यांवरील बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात आणि त्या मिठाने गाड्यांचा पत्रा गंजतो, म्हणून तिथले लोक जुन्या गाड्या हिवाळाभर झाकून ठेवतात. गोव्यात ती वेळ पावसाळ्यात येते. आमच्या घरी वडिलांनी घेतलेली १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे आणि फोंड्यातील चिऱ्याच्या गॅरेजमध्ये ती मेअखेरीपासून दसऱ्यापर्यंत उभी असते. अनेक वर्षे मी तिच्यावर ताडपत्री घालत असे, आणि दरवर्षी दसऱ्याला पूजेसाठी ती काढली की आसनांच्या रेक्झिनवर पांढरी बुरशी आणि दारांच्या खालच्या कडेला नवा गंज दिसत असे. ताडपत्री वरचे पाणी अडवते, परंतु जमिनीतून चढणारी ओल तिच्याखालीच कोंडते आणि पहाटे पत्रा थंड झाला की तीच ओल त्यावर दवासारखी धरते, हे मला फार उशिरा कळले.

म्हणून यंदा ताडपत्री काढून टाकली आणि साडेसोळा हजार रुपयांना कॉम्प्रेसरचा डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतील ओल ओढून घेणारे यंत्र, घेतला. त्यावर ‘दिवसाला १२ लिटर’ असे छापलेले आहे. मात्र हा आकडा साधारणपणे ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरून दिलेला असतो. या जातीचे यंत्र थंडीत मंदावते, उबदार हवेत चांगले चालते, त्यामुळे आपल्याकडचा पाऊस त्याला मानवतो.

पहिले आठ दिवस मात्र मी निराश झालो होतो. दोन लिटरची टाकी दिवसातून तीनदा भरत होती, तरीही आर्द्रता मोजणाऱ्या हायग्रोमीटरचा काटा ८० च्या खाली येत नव्हता, कारण कौलांच्या फटींतून आणि शटरखालून बाहेरची सर्द हवा सतत आत येत होती. कौलांखाली पत्र्याचे छत मारून घेतले, शटरच्या तळाला रबरी पट्टी लावली आणि जमिनीवर जाड प्लॅस्टिक अंथरले, तेव्हा कुठे आर्द्रता ५५ ते ५८ टक्क्यांवर स्थिरावली. लोखंड ६० टक्क्यांच्या वर झपाट्याने गंजू लागते, म्हणून हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. त्याहून फार खाली गेल्यास दारांचे रबर आणि रेक्झिन कोरडे पडण्याची भीती असते. ज्यांची जागा अशी बंद करता येत नाही, त्यांनी हे यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाणी नळीने थेट बाहेर सोडता येते, ही सोय फार उपयोगाची आहे. यंत्र २४० वॅटचे असून दिवसाला सरासरी दहा तास चालले, म्हणजे महिन्याला सुमारे ७२ युनिट वीज लागली. खरा दोष वेगळा आहे : वीज जाऊन परत आली की ते आपोआप सुरू होत नाही, बटण हाताने दाबावे लागते. जुलैत आम्ही चार दिवस गावाला गेलो असताना वीज गेली आणि परतल्यावर काटा ८९ वर होता. घेताना ही गोष्ट विक्रेत्याला आवर्जून विचारावी.

बाकीची तयारी नेहमीचीच होती. इंजिन ऑईल बदलले, टायरमध्ये नेहमीपेक्षा आठ पीएसआय जास्त हवा भरली, हातब्रेक सोडून चाकांना लाकडी उटी लावली आणि बॅटरी काढून घरात चार्जरवर ठेवली. पेट्रोलबाबत मात्र विशेष दक्षता घेतली, कारण आताच्या पेट्रोलमधील इथेनॉल ओल शोषते आणि जुन्या रबरी नळ्यांनाही मानवत नाही. टाकी रिकामी केली आणि कार्बुरेटरमधले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवले.

दसऱ्याला गॅरेज उघडले तेव्हा कुबट वास नव्हता, आसने कोरडी होती आणि दारांच्या कडांवर नवा डाग दिसला नाही. मागचे डावे चाक तेवढे अडकले होते. ब्रेक ऑईल स्वतःच हवेतील ओल शोषते, माझे दोन वर्षांचे जुने झाले होते आणि त्यामुळे व्हील सिलिंडर (चाकाजवळचा, ब्रेक दाबणारा भाग) आतून गंजला होता. त्यावर या यंत्राचा इलाज चालत नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यातच ते ऑईल बदलून घेणार आहे.