खंडोबाच्या किड्यासाठी मोबाईलची मॅक्रो लेन्स

जूनच्या अखेरीस सीताबर्डीतील एका दुकानातून मोबाईलला चिमट्याने बसणारी ही लेन्स साडेअकराशे रुपयांना घेतली. तेव्हापासून आमच्या गच्चीवरील जास्वंदीत आणि गोडलिंबाच्या कुंडीत वावरणाऱ्या खंडोबाच्या किड्यांची, म्हणजे प्रार्थना कीटकांची, छायाचित्रे मी तिनेच काढतो आहे.

तिचा मोठा गुण म्हणजे अंतर. माझी आधीची लेन्स किडा अधिक मोठा दाखवत असे, पण ती त्याच्यापासून जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरवर न्यावी लागे. एवढ्या जवळ गेले की मोबाईलची सावली पडते, किडा डोलू लागतो, पानाआड सरकतो, आणि एकदा तर तो थेट लेन्सवरच उडी मारून बसला. नवी लेन्स +१० डायॉप्टर (लेन्सच्या शक्तीचे एकक) इतक्या शक्तीची असल्याने साधारण १० सेंटिमीटरवरून फोकस करते, आणि तिथपर्यंत हात सावकाश नेला तर तो बहुधा जागेवरच राहून केवळ मान वळवून पाहतो.

ऑगस्टमधील एका सकाळच्या चित्रात दोन मोठ्या संयुक्त डोळ्यांच्या मधले तीन साधे डोळे मोजता येतात आणि पुढच्या पायाच्या काट्यांत अडकलेला माशीचा पंखही दिसतो. डोळ्यांतील काळा ठिपका बाहुलीसारखा आपल्यावर रोखलेला वाटतो. प्रत्यक्षात आपल्या दिशेला तोंड असलेल्या नेत्रिका, म्हणजे संयुक्त डोळ्याचे बारीक घटक, प्रकाश शोषून घेतात म्हणून तेवढा भाग काळा दिसतो, आणि आपण बाजूला झालो की ठिपकाही सरकतो. हे सरकणे मी या लेन्समधून प्रथमच नीट पाहिले, आणि माझ्या दृष्टीने पैसे तिथेच वसूल झाले.

उणिवाही सांगायला हव्यात. चित्राच्या कडा धूसर येतात आणि डोळ्यांवर फोकस केला की पाय अस्पष्ट होतात, म्हणून किडा बाजूने टिपणे बरे. चिमट्याचे रबर दोन महिन्यांत सैल झाले आणि सुटा चिमटा विक्रेत्याकडे मिळाला नाही, ही गोष्ट मला खटकली. मोबाईलच्या फ्लॅशने पाठ चकाकते. त्यावर बटर पेपरचा तुकडा लावल्यास उजेड मवाळ होतो.

अगदी लहान पिल्लांना मात्र ही लेन्स पुरत नाही. गोडलिंबाच्या फांदीवर सध्या वाळलेल्या फेसासारखी अंडकोशिका, म्हणजे अंड्यांची पिशवी, चिकटलेली आहे. त्यातून मुंगीएवढी पिल्ले निघतील तेव्हा जुनी लेन्सच बाहेर काढावी लागेल, आणि तोवर ती फांदी छाटायची नाही, असे घरात सर्वांना सांगून ठेवले आहे.