पथनाट्य की ‘धोका शोधा’ स्पर्धा?

४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाला कारखान्यात यापैकी काय ठेवू, असं नव्यानेच सेफ्टी ऑफिसर झालेल्या भाचीने विचारलं.

खर्च म्हणशील तर नाटकाला तालीम, माइक आणि उत्पादनाची लाइन थांबवायची परवानगी लागते. स्पर्धेत कामगार आपल्याला दिसलेला धोका चिठ्ठीवर लिहून टाकतात; त्याला चिठ्ठ्या, पेन आणि छोटं बक्षीस पुरतं. स्पर्धेची खरी मेहनत नंतरची: सापडलेली प्रत्येक चूक दुरुस्त करायची, नाहीतर पुढच्या वर्षी कुणी चिठ्ठी टाकत नाही.

टाळ्या नाटकालाच जास्त. पण ग्राइंडरचं गार्ड, म्हणजे संरक्षक झाकण, सैल झालंय, हे त्यावर रोज काम करणाऱ्यालाच कळतं, आणि स्वतःच्या हाताने लिहिलेलं तो विसरत नाही.

नवे, कंत्राटी, वाचताना अडखळणारे कामगार जास्त असतील तर नाटक कर. मुरलेले कामगार आणि लगेच दुरुस्ती करणारे मेंटेनन्सवाले असतील, तर स्पर्धाच.